ठरवल्याप्रमाणे न गेलेल्या दिवसाविषयी

प्रिय बाळ,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र परवा मिळाले. त्याच दिवशी उत्तर लिहायला बसण्याचा मोह मी मुद्दाम आवरला, कारण तू जे विचारले आहेस त्याला घाईघाईने उत्तर देणे मला बरे वाटेना. मुलाखतीसाठी निघालेली तू, मधल्याच एका स्थानकाबाहेर तासन्‌तास खोळंबलेली गाडी, बंद पडलेला फोन, समोरच्या बाकावरच्या अनोळखी बाईंनी स्वतःचा फोन पुढे करत "आधी घरी कळव" असे सांगणे, मुलाखत हुकल्यावर हिरमुसून परत फिरणे, आणि तू घरात येऊन टेकतेस न टेकतेस तोच आजींच्या छातीत कळ येणे. घरात त्या वेळी दुसरे कोणीच नव्हते, तू होतीस, म्हणून आजी वेळेत दवाखान्यात पोहोचल्या. हे सगळे एका दिवसात घडले. शेवटी तू लिहिलेस, "बाई, गाडी आजीसाठीच थांबली होती का? हो म्हणावेसे वाटते आणि हो म्हणायची भीतीही वाटते. माझा देवावर विश्वास आहे की नाही हेसुद्धा मला नीट सांगता येत नाही. पण रात्री दवाखान्याच्या बाकावर बसले असताना कोणाचे तरी आभार मानावेत असे फार वाटत होते आणि ते कोणाचे मानावेत हेच कळत नव्हते."

तुला वाटलेल्या भीतीपासूनच सुरुवात करते, कारण ती भीती मला तुझ्या समंजसपणाची खूण वाटते. गाडी आजींसाठी थांबली असे म्हटले की लगेच पुढचा प्रश्न येतो, तो म्हणजे त्या गाडीत आणखी कोण कोण होते. एखाद्याची परीक्षा बुडाली असेल, एखाद्याची दिवसभराची मजुरी गेली असेल, आणि एखाद्याला अत्यवस्थ माणसाची शेवटची भेट मिळाली नसेल. आपल्या घरचे माणूस वाचावे म्हणून त्या सगळ्यांना रुळांवर अडकवून ठेवणारा देव आपल्याला खरोखर हवा आहे का, आणि त्यांच्यापैकी कोणी समोर बसून हाच प्रश्न विचारला तर आपण त्याला काय सांगणार? म्हणून माझे मत सरळ सांगते. घडलेल्या गोष्टीमागे खास तुझ्यासाठी आखलेली योजना होती की तो निव्वळ योगायोग होता, याचा निकाल लावण्याच्या भरीस पडू नकोस. तो निकाल तुझ्या हाती नाही आणि माझ्याही हाती नाही. मी जन्मभर देवापुढे हात जोडत आले आहे आणि तरीही हे म्हणते आहे, हे लक्षात घे. श्रद्धा असणाऱ्या माणसाकडे प्रत्येक घटनेचे स्पष्टीकरण तयार असलेच पाहिजे, ही अपेक्षाच मला चुकीची वाटते. उलट ज्यांची श्रद्धा मी जवळून पाहिली आणि जिच्यापुढे मनोमन नमले, ती माणसे "का" या प्रश्नापुढे बहुतेक वेळा गप्प राहत.

"जे होते ते चांगल्यासाठीच होते" हे वाक्य तुला आता पुष्कळ जणांकडून ऐकायला मिळेल. आजी बऱ्या होत आहेत, त्यामुळे ते गोडही लागेल. स्वतःच्या दुःखाविषयी एखाद्याने ते स्वतःशी म्हटले तर त्याला माझी हरकत नाही, कारण त्या माणसाने त्याची किंमत मोजलेली असते. मात्र दुसऱ्याच्या दुःखाला ते लावण्याचा अधिकार कोणालाही नाही. ज्या घरातले माणूस वेळेत पोहोचले नाही त्या घरी जाऊन हे वाक्य उच्चारणे म्हणजे सांत्वनाच्या नावाखाली जखमेवर मीठ चोळणे होय, आणि तू तसे कधी करू नयेस असे मला कळकळीने वाटते.

आता त्या बाकावरच्या रात्रीकडे वळते, कारण तुझ्या पत्रातला सर्वांत मोलाचा भाग मला तोच वाटला. आभार कोणाचे मानावेत हे कळत नव्हते, असे तू लिहिलेस. पण तुझ्याच पत्रात त्याची निम्मी यादी आलेली आहे आणि ती तुझ्या लक्षात आलेली नाही. गाडीतल्या त्या बाई, आजींना खाली उतरवताना पुढे झालेले शेजारी, रिक्षा थेट दवाखान्याच्या दारात नेऊन उभी करणारा आणि पैशासाठी न थांबलेला चालक, रात्रपाळीच्या डॉक्टर. ही झाली डोळ्यांना दिसलेली माणसे. त्यांच्या मागेही एक मोठी रांग आहे, आणि त्या रांगेकडे पाहायला शिकणे हेच मला आज तुला सांगायचे आहे.

आजींच्या छातीला तारा लावून कागदावर आलेख काढला, असे तू लिहिले आहेस. तो आलेख माणसाच्या हृदयाचा इतका स्पष्ट काढता येतो हे नेदरलँड्समधल्या लायडनच्या विलेम आइंटहोव्हेन यांनी विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला दाखवून दिले. त्यांच्या यंत्राचे वजन सुमारे २७० किलो होते, ते चालवायला पाच माणसे लागत, आणि ज्याची तपासणी करायची त्याला हात आणि पाय मिठाच्या पाण्याने भरलेल्या भांड्यांत बुडवून बसावे लागे. या कामासाठी त्यांना १९२४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्यानंतर कित्येकांनी ते यंत्र लहान, हलके आणि स्वस्त करत आणले, तेव्हा कुठे एका सामान्य दवाखान्यातल्या परिचारिकेला ते एका हाताने ढकलत आजींच्या खाटेपाशी आणता आले.

डॉक्टरांनी पहिल्याच मिनिटाला आजींना चावायला दिलेल्या गोळीची गोष्ट तर मला याहूनही हलवून टाकते. ॲस्पिरिन हे औषध जुनेच. पण हृदयविकाराचा झटका आलेल्या माणसाला ते लगेच दिल्याने जीव वाचतो, हे निःसंशयपणे सिद्ध झाले ते १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रचंड चाचणीतून. १६ देशांतल्या ४१७ रुग्णालयांतले १७,१८७ रुग्ण त्यात होते. निम्म्यांना खरी गोळी मिळाली आणि निम्म्यांना तशीच दिसणारी, पण औषध नसलेली गोळी मिळाली. पाच आठवड्यांनंतर पाहिले तेव्हा औषध न मिळालेल्यांपैकी ११.८ टक्के माणसे हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकाराने दगावली होती, तर औषध मिळालेल्यांत हे प्रमाण ९.४ टक्के होते. आकडे वाचून पुढे जाऊ नकोस, जरा थांब. त्या १७,१८७ जणांपैकी प्रत्येकासाठी तो दिवस ठरवल्याप्रमाणे न गेलेला दिवसच होता. सकाळी ते आपापल्या कामाला लागले होते, आणि संध्याकाळपर्यंत छातीत कळ येऊन एका अनोळखी खाटेवर येऊन पडले होते. त्यांच्या आजारातून, बरे होण्यातून आणि त्यांच्यापैकी काहींच्या मृत्यूतूनही जे कळले, ते तुझ्या आजींच्या जिभेवर येऊन पोहोचले. त्यांची नावे तुला कधीच कळणार नाहीत, आणि आपल्यामुळे कोण वाचले हे त्यांनाही कधी कळले नाही.

मला जी श्रद्धा शक्य झाली ती याच वाटेने झाली. माझ्या आयुष्यात जे घडेल ते माझ्या सोयीचे घडेल, असा माझा विश्वास मुळीच नाही. मात्र मी एखाद्या अडचणीच्या जागी पोहोचते तेव्हा माझ्या आधी तिथे कोणीतरी येऊन गेलेले असते आणि मागून येणाऱ्यासाठी काही ठेवून गेलेले असते, हा अनुभव मला इतक्या वेळा आला आहे की आता त्यावर भार टाकून उभे राहायला मी कचरत नाही. त्या सगळ्यामागे देव आहे असे मी मानते. तू मानावेस असा माझा आग्रह नाही. तुला सध्या एवढेच म्हणता येत असेल की "माझ्यासाठी पुष्कळ काही आधीच करून ठेवलेले होते आणि मी ते कमावलेले नव्हते", तर तेवढे प्रामाणिकपणे म्हण. त्यापुढचे पाऊल टाकायचे की नाही ते तुझे तुला पुढे कधीतरी कळेल, आणि मी त्यासाठी तुझ्यामागे लागणार नाही.

एक गोष्ट तुला खटकली असेल. हेच शेजारी, हेच रस्ते, हाच दवाखाना रोज तिथेच असतात. मग आभार मानावेसे वाटायला आजींच्या छातीत कळ यावी लागली याची तुला लाज वाटते आहे, असे तुझ्या पत्राच्या मधल्या पानावरून मला जाणवले. ती लाज सोडून दे. आपला मेंदूच तसा घडलेला आहे. मेंदूचे अभ्यासक वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांवर केलेल्या आणि १९९७ साली सहकाऱ्यांबरोबर सविस्तर मांडलेल्या प्रयोगांत हे अगदी नेमके दिसून आले. माकडाला अचानक फळाच्या रसाचा थेंब मिळाला की मेंदूतल्या डोपामिन हे रसायन स्रवणाऱ्या पेशी उसळत. पण रसाच्या आधी दरवेळी एक खूण दाखवली जाऊ लागली आणि माकडाला ती कळली, की पेशी त्या खुणेला प्रतिसाद देत आणि प्रत्यक्ष रस आला तरी जागच्या जागी शांत राहत. आणि खूण दाखवूनही रस दिला नाही, तर नेमक्या त्या क्षणी त्या पेशींचे काम नेहमीपेक्षाही मंदावे. म्हणजे जे अपेक्षित आहे ते आले तर आत काहीच हलत नाही, आणि आले नाही तर मात्र ते सलते. वेळेवर पोहोचलेल्या तुझ्या आजवरच्या सगळ्या गाड्या तुला आठवत नाहीत आणि ही एक आठवते, याचे कारण तुझा कृतघ्नपणा नाही. मानसशास्त्रज्ञ रॉय बाउमाइस्टर आणि सहकाऱ्यांनी २००१ साली अशा संशोधनांचा मोठा आढावा घेतला, तेव्हाही वाईट घटनांची छाप चांगल्या घटनांपेक्षा खोलवर उमटते असेच त्यांना जागोजागी आढळले. त्यामुळे कृतज्ञता आपोआप उगवेल म्हणून वाट पाहण्यात अर्थ नाही. ती लक्ष देऊन, समजून उमजून करायची गोष्ट आहे, आणि ती करायला शिकता येते.

शिकण्याचा एक मार्ग मिनक्युंग कू, टिमोथी विल्सन आणि सहकाऱ्यांनी २००८ साली तपासून पाहिला, आणि तो मला फार पटला. आयुष्यातल्या चांगल्या गोष्टी नुसत्या आठवण्याऐवजी, त्या घडल्याच नसत्या तर काय झाले असते, याचा त्यांनी माणसांना विचार करायला लावला. वर्षानुवर्षे सोबत असलेल्या जोडीदारांपैकी काहींना त्यांनी "आपली भेट कशी झाली" हे लिहायला सांगितले आणि काहींना "आपली भेट कशी झालीच नसती" हे लिहायला सांगितले. दुसऱ्या प्रकारे लिहिणाऱ्यांना आपल्या नात्याविषयी अधिक समाधान वाटले. ज्या दिवशी काही अवचित घडते त्या दिवशी ही वजाबाकी आयुष्य स्वतःच आपल्यापुढे मांडते. गृहीत धरलेल्या एकेका गोष्टीवरचा हात क्षणभर निघतो आणि तिचे वजन कळते. तुला त्या बाकावर जे वाटले ते हेच होते. त्यासाठी पुन्हा संकट येण्याची गरज नाही; एखाद्या शांत संध्याकाळी एकच माणूस किंवा एकच सोय डोळ्यांपुढे घे आणि ती नसती तर आजचा दिवस कसा गेला असता हे अगदी बारकाईने लिहून पाहा. मात्र हे रोजचे पाठांतर होऊ देऊ नकोस. सोन्या ल्युबोमिर्स्की यांच्या एका प्रयोगात आठवड्यातून एकदा अशी नोंद करणाऱ्यांना लाभ झाला आणि तीनदा करणाऱ्यांना तो झाला नाही. मला त्यात नवल वाटत नाही, कारण उरकून टाकलेले आभार हे आभार राहतच नाहीत.

थांबलेल्या गाडीविषयी आणखी एक सांगायचे आहे, आणि ते मला विशेष महत्त्वाचे वाटते. सुरुवातीला डब्यात सगळे आपापल्या फोनमध्ये पाहत बसले होते, आणि गाडी आता हलत नाही हे पक्के झाल्यावर हळूहळू माणसे एकमेकांशी बोलू लागली, कोणीतरी रडणाऱ्या मुलाला खेळवायला घेतले, कोणी म्हाताऱ्या गृहस्थांना पाय पसरायला जागा करून दिली, असे तू लिहिलेस. १९७३ साली जॉन डार्ली आणि डॅनियल बॅटसन यांनी प्रिन्स्टन येथील धर्मशिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांवर केलेला एक प्रयोग मला हे वाचताना आठवला. विद्यार्थ्यांना एका इमारतीतून दुसरीकडे जाऊन छोटेसे भाषण करायचे होते. त्यांच्यापैकी काहींच्या भाषणाचा विषयच मुळी, वाटेवर जखमी होऊन पडलेल्या परक्या माणसाला मदत करणाऱ्या दयाळू वाटसरूची बायबलमधली गोष्ट हा होता. जाण्याच्या वाटेवर एक माणूस दारात खोकत, कण्हत पडलेला असेल अशी योजना करून ठेवली होती. ज्यांना भरपूर वेळ आहे असे सांगितले होते त्यांच्यापैकी ६३ टक्के मदतीला थांबले; आणि "उशीर झाला आहे, लवकर जा" असे ज्यांना सांगितले होते त्यांच्यापैकी अवघे १० टक्के थांबले. भाषणाचा विषय कोणता होता याने म्हणण्यासारखा फरक पडला नाही.

हा प्रयोग मी अनेकदा मनात घोळवला आहे. त्यातली मुले निष्ठुर नव्हती, ती धर्माचाच अभ्यास करत होती आणि त्यांच्यापैकी काहींच्या तोंडी त्या वेळी दयेचीच कथा होती. त्यांना फक्त कुठेतरी वेळेवर पोहोचायचे होते. आपलेही आयुष्य बहुतेक तसेच जाते. आखलेला दिवस मोडतो तेव्हा नुकसान होते हे खरेच. पण धावण्याचे कारण संपल्यामुळे आजूबाजूची माणसे दिसू लागतात, आणि आपण त्यांना दिसू लागतो. त्या बाईंना तू दिसलीस, कारण त्याही अडकल्या होत्या. म्हणून एखादा दिवस हातातून निसटला आहे असे कळले, की "आता हा वाया गेला" असे म्हणून डोळे मिटून घेऊ नकोस. आजूबाजूला कोणाला काही हवे आहे का ते बघ. माझ्या अनुभवात श्रद्धा अशा वेळी जितकी बळावते तितकी ती एकान्तात बसून विचार केल्याने बळावत नाही.

यात क्रम मात्र सांभाळायला हवा. संकट अंगावर येते त्या घटकेला कृतज्ञ होण्याचा प्रयत्नही करू नकोस. त्या वेळी ॲड्रेनालिन रक्तात उतरलेले असते, हृदय जोरात धडधडत असते, आणि कॉर्टिसॉल हे दुसरे संप्रेरक तर ताण सुरू झाल्यापासून साधारण २० ते ३० मिनिटांनी सर्वांत वरच्या पातळीला पोहोचते. शरीर त्या घटकेला धोक्याशी झगडत असते, त्याला झगडू द्यावे. जे करायचे ते करावे, फोन करावा, गाडी बोलवावी, कागदपत्रे घ्यावीत. हात मोकळे असतील तर श्वास सावकाश आणि लांबवून सोडावा, कारण उच्छ्वास लांबला की हृदयाची गती उतरायला मदत होते. रडू आले तर रडावे. आभाराची वेळ नंतर येते, रात्री किंवा दुसऱ्या दिवशी, कधी कधी महिन्यांनी. आठवून पाहा, तुलाही ती भावना आजींना खोलीत हलवल्यानंतर, बाकावर पाठ टेकल्यावर आली.

सोळाव्या शतकातले स्पॅनिश संत इग्नेशियस लोयोला यांनी आपल्या अनुयायांना दिवसाचे परीक्षण करण्याची जी पद्धत घालून दिली, तिची पहिली पायरी आभार मानण्याची आहे. स्वतःच्या दोषांचा हिशेब त्यानंतर येतो. हा क्रम मला फार शहाणपणाचा वाटतो. दिवस बिनसला की रात्री आपण बहुधा उलटे करतो. "मी आधीची गाडी पकडायला हवी होती, फोन चार्ज करून निघायला हवे होते, आजीला सकाळीच विचारायला हवे होते" अशी स्वतःची उलटतपासणी आधी सुरू होते आणि तिच्यातच झोप उडते. तूही दोन पाने त्यातच घालवली आहेस. त्या प्रश्नांना जागा द्यावी, पण ती दुसऱ्या क्रमांकाची. आधी मिळालेल्या गोष्टी नीट पाहिल्या की चुका पाहण्याचा धीर येतो, आणि त्या आहेत तेवढ्याच आकाराच्या दिसतात.

आभार मानताना ते नेमके मानावेत. "सगळ्यांची कृपा" या शब्दांत कोणीच दिसत नाही. माझी आई शेवटच्या आजारात दवाखान्यात होती तेव्हा एका रात्री तिच्या हाताची सलाईनची सुई सारखी सरकत होती आणि ती कळवळत होती. मजल्यावरच्या कामगाराने ते पाहिले, काही न बोलता अंगातला स्वेटर काढला, त्याची चौकोनी घडी केली, तिच्या कोपराखाली सरकवली, हात एका विशिष्ट कोनात ठेवून दाखवला आणि मला म्हणाला, "असाच राहू द्या, दुखणार नाही." तो उरलेली रात्र थंडीत तसाच वावरला. आई त्या आजारातून उठली नाही. त्या महिन्याकडे मागे वळून पाहताना मला आजही तो कधी चांगला वाटत नाही, आणि तो चांगला होता असे मी कोणाला म्हणूही देणार नाही. पण ती घडी, तो कोन आणि ते वाक्य खरे होते, आणि त्या माणसाविषयीची कृतज्ञता दुःखाला जराही खोटे न पाडता माझ्याजवळ राहिली आहे. दुःख आणि आभार एकाच मनात शेजारी शेजारी नांदू शकतात. एकाला आत घेण्यासाठी दुसऱ्याला बाहेर काढावे लागत नाही.

नेमकेपणाबरोबर थोडा करडेपणाही हवा, म्हणजे चांगुलपणाच्या भरात अन्यायावर पांघरूण घातले जात नाही. गाडी तासन्‌तास उभी असताना प्रवाशांना कोणी काही सांगितले नाही याचा तुला राग आला, आणि तो योग्यच होता. त्याची लेखी तक्रार कर. त्या बाईंचे आभार आणि त्या ढिलाईची तक्रार एकाच हाताने लिहिता येते. जी कृतज्ञता माणसाला गप्प बसायला लावते, हक्काचे मागताना ओशाळे करते किंवा त्रास देणाऱ्याच्या उपकारांखाली वाकवते, ती मला मान्य नाही, आणि कोणी तुझ्याकडून तशी मागितली तर स्पष्ट नकार दे.

त्या बाईंनी डायरीचे मागचे पान फाडून त्यावर आपला क्रमांक लिहून दिला होता, "पोहोचलीस की कळव" म्हणून. तू अजून कळवलेले नाहीस, कारण एवढ्या दिवसांनी काय लिहावे असा तुला संकोच वाटतो. अमित कुमार आणि निकोलस एपली यांनी २०१८ साली नेमका हाच संकोच अभ्यासला. आभाराची पत्रे लिहिणाऱ्यांना वाटत होते की वाचणाऱ्याला अवघडल्यासारखे होईल. प्रत्यक्षात ती पत्रे मिळालेल्यांना लिहिणाऱ्यांच्या अंदाजापेक्षा कितीतरी अधिक आनंद झाला होता आणि अवघडलेपण त्या मानाने फारच कमी होते. शब्द चांगले जुळतात की नाही याची काळजी लिहिणारा करतो. वाचणाऱ्यापर्यंत पोहोचते ती त्यामागची आपुलकी. तेव्हा आजच लिही. त्या दिवशी पुढे काय झाले ते सांग, आजी आता उठून बसतात हेही सांग. त्या बाईंनी दिलेल्या फोनवरून तू आजींना "परत येते आहे" असे कळवलेस, म्हणून आजी दार आतून लावून न घेता तुझी वाट पाहत होत्या, हे त्या बाईंना माहीतच नसेल. बौद्ध परंपरेत जगात दुर्मिळ असणाऱ्या दोन प्रकारच्या माणसांचा उल्लेख येतो. एक, स्वतःहून आधी उपकार करणारा. दुसरा, झालेला उपकार जाणणारा आणि ती जाण कृतीतून दाखवणारा. पहिल्या प्रकारचे माणूस तुला त्या डब्यात भेटले. दुसऱ्या प्रकारचे होणे तुझ्या हातात आहे.

शेवटी अशा दिवसाविषयी लिहिते, ज्याचा विचार तू अजून केलेला नाहीस, पण जो प्रत्येकाच्या वाट्याला कधीतरी येतो. त्या दिवशी गाडी थांबते आणि घरी पोहोचायला उशीर होतो. कोणी फोन पुढे करत नाही. रात्री बाकावर बसल्यावर आभाराची भावना शोधूनही सापडत नाही, आणि प्रार्थनेला शब्द फुटत नाहीत. त्या दिवशी माझे हे पत्र काढून वाचू नकोस, आणि स्वतःला कृतज्ञ व्हायला भाग तर मुळीच पाडू नकोस. ज्यू परंपरेत मृत्यूची बातमी ऐकल्यावर म्हणायचे एक छोटेसे वाक्य आहे, ज्यात ईश्वराला सत्य न्यायाधीश म्हणून धन्य म्हटले जाते. घडले ते चांगले झाले असे त्यात कुठेही म्हटलेले नाही. एवढेच की त्या घटकेलाही माणूस त्याच्याशी बोलणे तोडत नाही. कधी कधी श्रद्धा एवढीच उरते, आणि तेवढी पुरते. तेवढीही उरली नाही, तर ज्यांची उरली आहे त्यांच्याजवळ जाऊन बसावे आणि आपल्या वाटची काही दिवस त्यांना सांभाळू द्यावी. तुझ्यावर तशी रात्र आली तर मला फोन कर. किती वाजले आहेत ते पाहू नकोस.

तुझी,
बाई